‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ : गुलामांच्या सुटकेची गोष्ट दोन भावांची कशी झाली?

ही रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. रात्र, वादळ, समोर समुद्र. एक दाढीवाला माणूस हातातली काठी पाण्यात रोवतो आणि समुद्र मधोमध फाटतो. दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उभ्या राहतात, मधून माणसं जीव मुठीत धरून चालतात, आणि वीज चमकली की एका भिंतीच्या आत अवाढव्य माशाची सावली दिसते. खाली कमेंटमध्ये बहुतेकांचा सूर एकच असतो : असं ॲनिमेशन आता होत नाही.

सिनेमाचं नाव ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’. १८ डिसेंबर १९९८ ला तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. बायबलच्या जुन्या करारात ‘निर्गम’ नावाचं पुस्तक आहे, त्यातली मोशेची गोष्ट यात सांगितली आहे. इंग्रजीत ज्याला मोझेस म्हणतात, कुराणात ज्याला मूसा म्हणतात, तोच हा मराठी बायबलमधला मोशे.

गेल्या आठवड्यात वर्ध्यात घरी बसून हा सिनेमा पुन्हा अख्खा पाहिला. रीलमध्ये दिसतो तेवढाच तो सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. पण समुद्र दुभंगण्याच्या आधी त्यात एक लहान मुलगा हातात मडकं घेऊन दारातून आत जातो, आणि तो प्रसंग रीलमध्ये कधी येत नाही. या सिनेमाचं मोठेपण आणि त्याची अडचण, दोन्ही मला त्या दारातच सापडली. त्याबद्दल बोलायचं तर सेवाग्राममधल्या एका कुडाच्या भिंतीपर्यंत आणि पुण्यात छापलेल्या एका जुन्या मराठी पुस्तकापर्यंत जावं लागतं. पण आधी सिनेमा.

कोणी बनवला, किती चालला?

स्टीव्हन स्पीलबर्ग, जेफ्री कॅट्झेनबर्ग आणि डेव्हिड गेफन यांनी १९९४ मध्ये ड्रीमवर्क्स ही कंपनी काढली. त्यांचा हाताने चित्रं काढून बनवलेला हा पहिला मोठा ॲनिमेशनपट. दिग्दर्शक तिघं : ब्रेंडा चॅपमन, स्टीव्ह हिकनर आणि सायमन वेल्स. संगीत हान्स झिमर यांचं, गाणी स्टीफन श्वार्ट्झ यांची. ‘व्हेन यू बिलीव्ह’ या गाण्याला ऑस्कर मिळालं. जगभरात मिळून सिनेमाने २१ कोटी डॉलरच्या वर धंदा केला. रॉजर एबर्टसारख्या नावाजलेल्या समीक्षकाने चारपैकी साडेतीन तारे दिले.

सगळीकडे मात्र असं स्वागत झालं नाही. मलेशिया आणि मालदीव या देशांनी सिनेमावर बंदी घातली. कारण सरळ होतं : इस्लाममध्ये मूसा हे पैगंबर आहेत, आणि पैगंबराचं चित्र काढायचं नसतं. तिथे या माणसाचा चेहरा काढणंच मुळात चूक.

निर्मात्यांना असल्या वादांची कल्पना नव्हती असं नाही. ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लीम अशा तिन्ही धर्मांच्या अभ्यासकांना त्यांनी काम सुरू असताना बोलावून घेतलं होतं. सिनेमाच्या सुरुवातीला एक पाटीही आहे : कथेत कलात्मक मोकळीक घेतली आहे, मूळ गोष्ट निर्गमात वाचा. आपल्याकडच्या पौराणिक मालिकांपुढे येणाऱ्या पाटीची आठवण व्हावी, अगदी तशीच.

पुस्तकात काय, पडद्यावर काय?

निर्गमातली गोष्ट थोडक्यात अशी. इजिप्तमध्ये इस्राएल लोक गुलाम आहेत. त्यांची संख्या वाढते म्हणून राजा, म्हणजे फारो, त्यांची तान्ही मुलं नदीत टाकायला सांगतो. एक आई आपलं बाळ टोपलीत घालून नदीत सोडते. फारोच्या मुलीला ते सापडतं आणि ती त्याला वाढवते. मोठा झाल्यावर मोशेच्या हातून एका इजिप्शियन माणसाचा खून होतो, तो पळून जातो, मेंढरं राखतो. जळत्या झुडपातून देव त्याच्याशी बोलतो आणि सांगतो : जा, माझ्या लोकांना सोडवून आण. फारो ऐकत नाही. मग दहा पीडा येतात. दहाव्या पीडेत इजिप्तमधल्या प्रत्येक घरातलं पहिलं अपत्य मरतं. तेव्हा कुठे फारो गुलामांना सोडतो.

सिनेमाने यातल्या बऱ्याच गोष्टी बदलल्या आहेत. बाळ सापडतं ते फारोच्या मुलीला नाही, राणीला. त्यामुळे मोशे आणि पुढे फारो होणारा रामसेस हे एकाच घरात वाढलेले भाऊ होतात. रथांच्या शर्यती लावतात, देवळाची नासधूस करतात, बापाच्या शिव्या खातात. हे बंधुप्रेम पुस्तकात कुठेच नाही. ते सिनेमाने घातलं, आणि पुढचं सगळं त्याच्याच खांद्यावर उभं आहे.

दुसरा बदल खुनाचा. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मोशे आधी इकडेतिकडे बघतो, कोणी नाही याची खात्री करतो, मग मारतो आणि प्रेत वाळूत पुरतो. म्हणजे ठरवून केलेलं काम. सिनेमात तो मुकादमाला सगळ्यांदेखत ढकलतो आणि मुकादम पराचीवरून खाली पडून मरतो. रागाच्या भरात झालेला अपघात. नायकाचे हात धुऊन घ्यायची ही युक्ती आपल्या हिंदी सिनेमालाही चांगली ठाऊक आहे.

तिसरा बदल मला सगळ्यांत जास्त खटकतो. पुस्तकातला मोशे बोलण्यात अडखळतो. तो देवाला सांगतो की मला बोलता येत नाही, दुसऱ्या कोणाला पाठव. म्हणून त्याचा भाऊ अहरोन त्याच्या वतीने बोलतो. फारोपुढे उभे राहतात तेव्हा मोशे ऐंशी वर्षांचा आहे आणि अहरोन त्र्याऐंशींचा. सिनेमात मोशे तरणाबांड आणि स्पष्ट बोलणारा, व्हॅल किल्मरच्या घोटीव आवाजातला. अहरोन सुरुवातीला घाबरट, मग रुसलेला. ऐंशी वर्षांचा, जीभ अडखळणारा म्हातारा जगातल्या सगळ्यांत बलाढ्य राजापुढे जातो, हे केवढं मोठं चित्र होतं! ते गेलं.

बदलांपैकी काही मात्र फार हुशारीचे आहेत. मोशेला आपल्या जन्माचं सत्य कळतं तो प्रसंग बघा. भिंतीवरची इजिप्शियन चित्रं हलायला लागतात. सपाट, एका बाजूने काढलेले सैनिक भिंतीवरून धावतात आणि बाळं उचलून मगरींपुढे टाकतात. खरे नट घेऊन हे करता आलं नसतं, ते फक्त चित्रालाच जमतं. राजाचा गौरव कोरलेल्या भिंतीच त्याचा गुन्हा सांगायला लागतात. सेसिल बी. डेमिलच्या १९५६ च्या ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये हजारो माणसं आणि खरे रथ होते, पण याच्या जवळपास जाणारं दृश्य नव्हतं.

आणखी एक : झुडपातून बोलणाऱ्या देवालाही व्हॅल किल्मरचाच आवाज दिला आहे. देव माणसाशी त्याच्याच आवाजात बोलतो, असा त्याचा अर्थ. मेघगर्जनेपेक्षा हे कितीतरी बरं.

मडकं घेतलेला मुलगा

आता तो प्रसंग. दहावी पीडा. पार्श्वसंगीत थांबतं. आकाशातून धुरासारखं पांढरं काहीतरी उतरतं आणि गल्ल्यांतून सरपटत जातं. ज्या दारांच्या चौकटीवर कोकराचं रक्त लावलंय ती दारं ते वगळतं. बाकीच्या घरांत शिरलं की एक हलका उसासा ऐकू येतो, आणि बास. एक लहान मुलगा मडकं घेऊन दारातून आत जातो. तो दिसेनासा होतो. उसासा. मडकं पडतं, आणि चौकटीत फक्त त्याचा निपचित हात दिसतो.

पुढे रामसेस स्वतःच्या मुलाचं प्रेत घेऊन बसलेला आहे. मोशे जवळ जातो, त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, रामसेस तो झिडकारतो. जा म्हणतो, घेऊन जा तुझे लोक. मोशे बाहेर येतो, काठी टाकतो आणि भिंतीला टेकून रडतो.

हे रडणं पुस्तकात नाही. निर्गमात इजिप्तभर आकांत उठतो एवढंच सांगितलं आहे, मोशेला काय वाटलं याबद्दल अक्षर नाही. समुद्र पार झाल्यावर तर तिथे विजयाचं गाणं आहे, घोडे आणि स्वार बुडाले याचं. सिनेमात मात्र समुद्रापलीकडे अडकलेला रामसेस मोशेच्या नावाने ओरडतो आणि इकडे मोशे त्याचा हळूच निरोप घेतो. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या गेलेल्या सिनेमाने शत्रूच्या मेलेल्या लेकराकडे इतका वेळ बघत राहावं, हे सोपं नाही. मला विचाराल तर या सिनेमाची सगळ्यांत मोठी कमाई हीच. समुद्र त्याच्यानंतर.

मग वर्ध्याचा काय संबंध?

जून १९४२ मध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामात राहिला. गांधीजींच्या कुटीत भिंतीवर त्याला सजावट म्हणून एकच गोष्ट दिसली : येशू ख्रिस्ताचं काळंपांढरं चित्र, खाली ‘तोच आमची शांती’ अशा अर्थाचं वाक्य. कुडाच्या भिंतीवर बायबलमधलं एकच चित्र, आणि तेही येशूचं. मोशेचं नव्हे.

हे योगायोगाने घडलं असेल, पण गांधीजींच्या आवडीनिवडीशी ते जुळतं. ‘सत्याचे प्रयोग’ वाचलेल्यांना आठवेल. लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी बायबल हातात घेतलं. उत्पत्तीच्या पुढची पुस्तकं वाचताना त्यांना हमखास झोप यायची, ‘गणना’ हे पुस्तक तर त्यांना मुळीच आवडलं नाही. नव्या करारातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन मात्र थेट काळजाला भिडलं. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर, हे सांगणारं ते प्रवचन. ज्याला ते भिडलं, त्याला निर्गमातली दहावी पीडा कशी पटावी?

प्रश्न आवडीपुरता राहिला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये, जर्मनीत ज्यूंची घरं आणि प्रार्थनास्थळं जाळली गेल्यानंतर, गांधीजींनी सेवाग्रामातून ‘हरिजन’साठी ज्यूंवर लेख लिहिला. (तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी पत्रांचा घोळ व्हायचा म्हणून पुढे नाव बदललं.) ज्यू म्हणजे ख्रिस्ती जगातले अस्पृश्य, असं त्यांनी त्यात लिहिलं, आणि जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा असा सल्ला दिला. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी १९३९ मध्ये जेरुसलेमहून खुलं पत्र लिहून उत्तर दिलं. बुबर यांना गांधीजींबद्दल आदर होता, पण त्यांचं म्हणणं असं, की छळछावणीत जे चाललंय ते बघायला साक्षीदारच नसतो, तिथे मुकाट मेल्याने कोणाचं मन पालटणार?

बुबर यांची शंका किती खरी होती हे पुढच्या सहा वर्षांत जगाने पाहिलं. पण दहावी पीडा पाहताना गांधीजींची अडचणही खोटी वाटत नाही. नऊ वेळा सांगून फारो ऐकत नाही, हेही खरं. मडकं घेतलेल्या मुलाने कोणालाही गुलाम केलं नव्हतं, हेही खरं. सिनेमा यातलं एकही लपवत नाही.

ज्यांची सुटका, ते कुठे आहेत?

आता दुसरी बाजू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४१ मध्ये ‘बॉम्बे सेंटिनेल’ या इंग्रजी वृत्तपत्रात मोझेसवर लेख लिहिला होता. ज्यूंच्या इजिप्तमधून सुटण्याच्या कथेतून आपल्याला प्रेरणा मिळते, आणि दलित वर्गासाठी झटणाऱ्याला मोझेसच्या आयुष्यात आशा सापडते, असा त्या लेखाचा भाव. गांधीजींना ज्या पुस्तकांनी झोप आणली, त्यांतल्याच गोष्टीने बाबासाहेबांना जागं ठेवलं. एकच गोष्ट, पण वाचणारा कुठे उभा आहे यावर ती कशी वाचली जाते ते बघा.

बाबासाहेबांच्या जागेवरून सिनेमा पाहिला की त्यातली उणीव लगेच दिसते. सुरुवातीचं गाणं गुलामांचं आहे. चिखल, विटा, चाबूक, हजारो माणसं. अंगावर काटा येतो. पण ते गाणं संपलं की गुलाम मागे सरकतात आणि दोन राजपुत्र पुढे येतात. मोशे परत येतो तेव्हा लोक त्याच्यावर चिखल फेकतात, कारण त्याच्या मागणीमुळे त्यांचं काम दुप्पट झालंय. तेवढा एक क्षण ते खरे माणूस वाटतात. मग पीडा सुरू होतात आणि सगळं गाणं मोशे विरुद्ध रामसेस असं गायलं जातं. फारो हट्टाला का पेटतो? पुस्तकात कधी तो स्वतः मन कठीण करतो, कधी देवच त्याचं मन कठीण करतो. सिनेमात बापाने एकदा सुनावलेलं असतं, की एक दुबळी कडी अख्ख्या वंशाची साखळी तोडते. ते त्याच्या मनात रुतून बसतं. म्हणजे मालकाच्या मनाची उकल करायला सिनेमाकडे वेळ आहे. गुलामाच्या मनाची उकल मिर्याम या एका बहिणीवर सोपवून तो मोकळा होतो.

निर्गमात तर बाहेर पडणाऱ्यांचा आकडा दिला आहे : बायकामुलं सोडून सहा लाख. इतिहास म्हणून तो कोणी धरू नये, पण गोष्ट सांगणाऱ्याचं लक्ष कुठे होतं ते त्यातून कळतं. वर्ध्याहून नागपूर दीड-दोन तासांवर. १४ ऑक्टोबर १९५६ ला विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून लाखो माणसं तिथे पोचली ती आपल्या पायांनी, आपल्या निर्णयाने. अशा निघण्याच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना पडद्यावरचा तो जमाव नुसता देखावा वाटला तर नवल नाही.

पुण्यात छापलेला निर्गम

मोशेची गोष्ट मराठीला नवी नाही, हे इथे सांगायलाच हवं. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त जुन्या कराराच्या कथा मराठी ओव्यांतून येतात. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी बायबलमधल्या चरित्रांवर चक्क कीर्तनं सुरू केली.

पण माझ्या मते या सिनेमाशेजारी ठेवून बघावं असं एक पुस्तक आहे : १८७४ मध्ये पुण्यात शिळाप्रेसवर छापलेली हग्गादा. वल्हांडण सणाच्या रात्री ज्यू कुटुंबं घरी बसून निर्गमाची आठवण वाचतात, त्या वाचनाचं हे पुस्तक. हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आणि चित्रं. त्यातल्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात. इजिप्तमधून घाईने निघताना पीठ फुगायला वेळ नव्हता, त्याची ती भाकरी.

गंमत अशी, की हग्गादात मोशे जवळजवळ नाहीच. त्याचं नाव ओझरतं एकदा येतं, तेवढंच. बाकी सगळं ‘आम्ही गुलाम होतो’ या सुरात. आपण स्वतःच इजिप्तमधून बाहेर पडलो, असं प्रत्येकाने समजावं, अशी त्या रात्रीची अपेक्षा असते. दहा पीडांची नावं घेताना पेल्यातल्या द्राक्षारसाचे थेंब बाहेर काढायचीही रीत आहे. दुसऱ्याच्या दुःखाने आपला आनंद तेवढा कमी, असा तिचा अर्थ सांगतात.

ड्रीमवर्क्सच्या मोशेचे अश्रू आणि पेल्यातले ते थेंब, दोन्हींमागची भावना एकच. हग्गादाला मात्र त्यासाठी राजपुत्राची गरज पडली नाही. चार लुगडी नेसलेल्या बायका आणि भाकरीचं पीठ पुरलं.

तरीही पाहावा का?

नक्की पाहावा, आणि शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर. मुलांबरोबर पाहत असाल तर दहाव्या पीडेच्या वेळी शेजारी बसा. ती विचारतील, आणि उत्तर सोपं नाही. पाटीवर सांगितलंय तसं निर्गमही वाचा, मराठीत सहज मिळतं. विशेषतः समुद्रानंतरचा भाग, कारण सिनेमा तिथे जातच नाही. पुढे गणनेत, म्हणजे गांधीजींना न आवडलेल्या त्याच पुस्तकात, वाळवंटात कंटाळलेले हे सुटलेले लोक कुरकुर करतात : इजिप्तमध्ये फुकट मासे मिळायचे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. गुलामीतल्या कांद्या-लसणाची आठवण येणारी ही माणसं मला समुद्राच्या भिंतींपेक्षा जास्त खरी वाटतात.

सिनेमाचं शेवटचं दृश्य डोंगरावरचं आहे. मोशे हातात आज्ञांच्या दगडी पाट्या घेऊन खाली पसरलेल्या आपल्या लोकांकडे बघतो, आणि तिथे पडदा पडतो. पुस्तकात तो पाट्या घेऊन उतरतो तेव्हा खाली अहरोनाने लोकांच्या आग्रहाखातर सोन्याचं वासरू घडवलेलं असतं, आणि लोक त्याच्याभोवती नाचत असतात. मोशे संतापून पाट्या फोडतो. तो सिनेमा ड्रीमवर्क्सने कधी काढला नाही. २००० मध्ये त्यांनी थेट व्हिडिओवर आणलेला ‘जोसेफ : किंग ऑफ ड्रीम्स’ हा मागे जातो, योसेफाच्या काळात, इस्राएल लोक इजिप्तमध्ये मुळात आले कसे ते सांगायला.